वासाची शिदोरी

"ज्या ज्या वस्तूला वास आहे, ती प्रत्येक वस्तू या पेटीत गेली पाहिजे," असे त्या तरुण वनरक्षक मुलीने सांगितले आणि आम्ही उभयतांनी एकमेकांच्या तोंडाकडे पाहिले. आमच्या सामानात वास नसलेली वस्तू शोधावयाची म्हटली, तर चष्म्याच्या घराखेरीज दुसरे काही हाती लागले नसते.

२०१७ सालच्या उन्हाळ्यातील ही गोष्ट. लेक-जावई कॅलिफोर्नियात असतात. त्यांच्या आग्रहावरून आम्ही डोंबिवलीचे बिऱ्हाड दोन महिन्यांसाठी बंद करून तिकडे गेलो होतो आणि योसेमिटीच्या राष्ट्रीय उद्यानात दोन रात्री तंबूत राहावयाचे ठरले होते. खाण्यापिण्याचे हाल होऊ नयेत म्हणून घरून नेलेले सारे वैभव आम्ही बरोबर घेतले होते. बाटलीत ठासून भरलेला बॉटल मसाला होता, भाजलेली सुकट होती, कोलंबीचे लोणचे होते आणि जावयासाठी वसईहून खास आणविलेले सुके बोंबील चार पुडक्यांत बांधलेले होते. चार पुडकी बांधूनही बोंबलाने आपले अस्तित्व लपविले नव्हते, हे वेगळे सांगावयास नको.

"दातांची पेस्टसुद्धा?" आम्ही विचारले.

"पेस्ट, साबण, खोबरेल, तुमचं डोकेदुखीचं मलम, सगळं," लेक म्हणाली. "आणि ते बोंबील सगळ्यांत आधी."

प्रत्येक तंबूच्या जागेशेजारी तपकिरी रंगाची एक भक्कम लोखंडी पेटी जमिनीत पक्की बसविलेली होती. तिची कडी अशी की, झाकणाखाली बोटे घालून दाबल्याशिवाय ती उघडत नाही. माणसाच्या बोटांना ते जमते, अस्वलाच्या पंजाला जमत नाही. पेटी केवळ रात्रीच नव्हे, तर सामान काढण्या-ठेवण्याचा क्षण सोडला तर दिवसाही बंद ठेवावयाची. मोटारीत खाद्यपदार्थ ठेवले तर चालेल काय, या आमच्या भाबड्या प्रश्नावर त्या मुलीने एक छायाचित्र दाखविले. केळ्याचे साल सोलावे तसा एका मोटारीचा दरवाजा वरून खाली वाकविलेला होता. आतील वाटाण्याच्या वासाने की पावाच्या तुकड्याने, अस्वलाने तो पराक्रम केला होता.

आम्ही सामान पेटीत रचू लागलो. रचता रचता पेटीत एक छोटेसे कोकण उभे राहिले.

सायंकाळी शेकोटीपाशी त्या वनरक्षक मुलीचे छोटेसे व्याख्यान झाले. तिच्याकडून आणि नंतरच्या वाचनातून जे कळले, त्याचा सारांश असा. योसेमिटीत आज केवळ काळी अस्वले आहेत. ती स्वभावाने भित्री असतात आणि गवत, मुळे, फळे, किडे यांवर गुजराण करतात. परंतु त्यांचे नाक विलक्षण तीक्ष्ण आणि स्मरणशक्तीही तशीच. एकदा माणसाच्या अन्नाची चव कळली की, जंगलात दिवसभर वेचून जे मिळावयाचे ते एका पिशवीत मिळते, हा हिशोब अस्वल विसरत नाही. आई तो हिशोब पिलांना शिकविते. १९२० आणि १९३० च्या दशकांत तर खुद्द उद्यानातच उष्ट्याखरकट्याचे ढीग घालून, वर दिवे सोडून, पाहुण्यांना अस्वलांचे जेवण दाखविण्याची प्रथा होती. पुढे ती बंद झाली, पण लागलेली सवय राहिली. १९९८ या एका वर्षात तेथे अस्वलांनी मोटारी फोडण्याच्या, तंबू फाडण्याच्या वगैरे पंधराशेहून अधिक घटनांची नोंद झाली. त्यानंतरच्या वर्षापासून स्वतंत्र निधी मिळाला, पेट्यांची आणि देखरेखीची व्यवस्था कडक झाली आणि ही संख्या नऊ-दशांशाहूनही अधिक घटली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात अस्वलांच्या जुन्या-नव्या केसांचे व हाडांचे पृथक्करण करून त्यांच्या आहाराचा माग काढलेला आहे. १९७५ ते १९८५ या काळात माणसाकडे धिटाईने येणाऱ्या अस्वलांच्या आहारात मानवी अन्नाचा वाटा ३५ टक्के होता. २००१ ते २००७ या काळात तो १३ टक्क्यांवर आला. अस्वले तीच, जंगल तेच. बदलली ती माणसाची झाकपाक.

"पेटी तुमच्या रक्षणासाठी आहे असं बहुतेकांना वाटतं," ती शेवटी म्हणाली. "ती मुख्यतः अस्वलासाठी आहे. माणसाच्या जेवणाला सोकावलेलं अस्वल धीट होतं, आणि धीट झालेल्या अस्वलाला अखेर आम्हालाच मारावं लागतं."

त्या रात्री काहीही घडले नाही. वाऱ्याने सूचिपर्णी वृक्षांची सळसळ तेवढी होत होती. तंबूत आमच्या दोघांच्या मध्ये निजलेली नऊ वर्षांची नात मात्र जागी होती.

"आबा, आजी, तुमच्या येऊरच्या बिबट्याचं पुढे काय झालं?" तिने विचारले.

येऊरच्या बिबट्याची गोष्ट तिने आमच्याकडून दूरध्वनीवरही चार-पाच वेळा ऐकलेली होती. ती नेहमी एकाच ठिकाणी संपत असे. पुढे काय झाले, हे आजवर कोणी विचारले नव्हते आणि आम्हीही आपण होऊन सांगितले नव्हते.

ती गोष्ट १९९३ च्या मे महिन्यातली. त्या काळी आम्ही ठाण्यास राहत होतो. धर्मग्रामातील युवकांचे तीन रात्रींचे शिबिर येऊरला भरवावयाचे ठरले आणि शिक्षक दांपत्य म्हणून पालकत्वाची जबाबदारी आमच्यावर आली. ठाणे स्थानकापासून काही मैलांवर, डोंगर चढून गेले की शहर अचानक संपते आणि आज ज्याला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हणतात त्या सुमारे १०३ चौरस किलोमीटरच्या अरण्याची पूर्व बाजू सुरू होते, हे ठाणेकरांना ठाऊक आहेच. एका ओळखीच्या गृहस्थांची वाडी आम्हांस मिळाली होती. लगतच वारल्यांचा एक पाडा. तेथील एका वृद्ध गृहस्थांनी आम्हांला पाणी भरावयाची जागा दाखविली, मोठे पातेले वापरावयास दिले आणि सांगितले, "मास्तर, रातचं उष्टं बाहेर टाकू नका."

आम्ही "बरे" म्हटले. परंतु पंचवीस-तीस तरुण मुले, दिवसभरची भटकंती, आणि रात्री चुलीवर शिजलेले मटण. जेवणे उरकेतो दहा वाजत. हाडे आणि उरलेसुरले तंबूंच्या मागे खणलेल्या खड्ड्यात पडे. त्यावर माती लोटण्याचे काम ज्याचे त्याने दुसऱ्यावर ढकललेले असे. पावाच्या लाद्या, सुकटीची पुडी, तेलाची बाटली तंबूतच उशाशी. पहिल्याच रात्री एक तांबूस कुत्रा आला. मुलांनी त्याला हाडे घातली आणि शेरू असे नावही ठेवले. आम्हीही कौतुकाने पाहिले. दुसऱ्या रात्री पाच कुत्री होती.

तिसऱ्या रात्री, दोनच्या सुमारास, कुत्र्यांचा कालवा एकाएकी थांबला. त्या शांततेनेच आम्हांला जाग आली. विजेरीच्या झोतात, शेवटच्या तंबूपासून वीस पावलांवर, दोन हिरवट डोळे क्षणभर चमकले, आणि नाहीसे झाले. सकाळी खड्ड्यापाशी रक्ताचे चार थेंब आणि धुळीत उमटलेले पंजे तेवढे दिसले. शेरू नव्हता. मुली रडल्या, मुलांनी पंजाच्या ठशाभोवती दगड मांडून छायाचित्र काढले.

गोष्ट आम्ही येथे संपवीत असू. हिरवे डोळे येथपर्यंत आले की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, आणि मग चहा मागविला जातो. चोवीस वर्षे आम्ही ती अशीच सांगत आलो. त्या सकाळी पातेले घेऊन आलेले ते वृद्ध गृहस्थ खड्ड्याकडे पाहून जे म्हणाले, ते आम्ही गाळीत होतो. तिकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात.

"मास्तर, वाघानं चोरी नाय केली. तुम्ही वाढलं, तो जेवला."

आणि आम्ही गाळीत होतो ती दुसरी गोष्ट अशी. दिवाळीच्या सुट्टीत, चुकून आमच्या सामानात आलेला त्यांचा एक डाव परत करावयास आम्ही पाड्यावर गेलो. पावसाळ्यानंतर बिबट्या पाड्याच्या अंगणापर्यंत येऊ लागला होता. आधी कुत्री गेली, मग दोन शेळ्या. उकाड्यात ओट्यावर निजणारा त्यांचा पाच वर्षांचा नातू आता आत, चुलीच्या धुरात निजत होता. शेवटी पिंजरा लागला, एक बिबट्या सापडला आणि त्याला कोठेतरी नेण्यात आले. तो शेरूला नेणाराच होता की दुसरा, हे कोणालाच सांगता येण्याजोगे नव्हते. आमच्या तीन रात्रींच्या खरकट्याने हे सारे घडले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. आमच्या आधीही तेथे सहली येत आणि नंतरही आल्या. परंतु त्या पंक्तीत वाढणाऱ्यांपैकी आम्हीही होतो, एवढे नाकारता येत नाही. त्या दिवशी डाव परत करून, पाणी पिऊन आम्ही निघालो. क्षमा मागण्याचे धैर्य झाले नाही.

तंबूतील काळोखात आम्ही नातीला हे सारे सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे तुमच्याकडे पेटी नव्हती."

पेटी नव्हती हे खरे. पण सूचना होती.

परत आल्यावर आम्ही या विषयाचे मिळेल ते वाचू लागलो. अस्वल आपल्यालाही परके नाही. ठाण्याच्या जंगलात नसले तरी मेळघाट, ताडोबा, गडचिरोली, बुलढाण्याचे ज्ञानगंगा अभयारण्य येथे ते आहे. आपले अस्वल वाळव्या, मुंग्या, मध, बोरे, जांभळे यांचे भोक्ते; आणि चैत्राच्या सुमारास मोहाची फुले गळू लागली की त्या गोड वासावर तेही येते आणि पहाटे फुले वेचणारी माणसेही येतात. दोघांची शिदोरी एकाच झाडाखाली. म्हणूनच तेथे फुले वेचताना लोक घोळक्याने जातात व बोलत राहतात. अवचित समोर आलेले अस्वल फार घातक.

बिबट्याची गोष्ट निराळी. साबणाच्या किंवा तेलाच्या वासाने तो येत नाही. तो येतो साखळीने. आपल्या उष्ट्याच्या वासावर उंदीर, डुकरे आणि कुत्री येतात, आणि त्यांच्यावर बिबट्या. संजय गांधी उद्यानातील बिबट्यांच्या विष्ठेचा २०१५ च्या सुमारास अभ्यास झाला, तेव्हा त्यांच्या आहाराचा सुमारे एक चतुर्थांश भाग पाळीव व भटक्या कुत्र्यांचा असल्याचे आढळले. २०१८ च्या मोजणीत उद्यान व परिसरात ४७ बिबटे छायाचित्रांवरून ओळखण्यात आले. एवढ्या लहान जंगलाला एवढे बिबटे पोसता येतात, त्यात हरणांबरोबर आपल्या कचराकुंड्यांचाही हातभार आहे.

आणि पकडून दूर सोडले की प्रश्न मिटतो, या समजुतीलाही धक्का बसला. जुन्नर भागात २००१ नंतर मोठ्या संख्येने बिबटे पकडून अन्यत्र सोडण्यात आले. त्यानंतर माणसांवरील हल्ले कमी न होता वाढले, असे विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ च्या शोधनिबंधात दाखवून दिले. अनोळखी मुलखात टाकलेले जनावर बिथरते, आपल्या जागी परतू पाहते, आणि त्याच्या रिकाम्या जागी दुसरे येते. २००४ च्या जून महिन्यात आपल्या उद्यानाच्या कडेला एकामागून एक माणसे बळी गेली, तो काळ ठाणे-मुलुंडकरांना आठवत असेल. त्याआधी बाहेरून आणलेले बिबटे या जंगलात सोडले जात होते. आम्ही वाचता वाचता थांबलो. १९९३ चा तो पिंजरा डोळ्यांपुढे आला. त्यातील जनावर कोणाच्या अंगणात सोडले गेले असेल?

फेब्रुवारी २०१९ मध्ये ठाण्यातील एका मॉलमध्ये बिबट्या शिरला, नोव्हेंबर २०२२ मध्ये कल्याण पूर्वेला चिंचपाड्यात एका इमारतीत शिरला, तेव्हा आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत "जंगली जनावरे शहरात घुसली" अशी चर्चा बरीच रंगली. त्याच सोसायटीच्या फाटकाबाहेर रोज रात्री मटणाच्या हाडांची पिशवी ठेवली जाते, आणि तीभोवती सात-आठ कुत्री वाट पाहत असतात.

संत फ्रान्सिसने गुब्बिओ नगरीतील लांडग्याला माणसाळविल्याची आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो. भुकेने माणसे मारणाऱ्या लांडग्याशी संताने करार केला: त्याने कोणास इजा करावयाची नाही, नगरवासीयांनी त्यास रोज जेवू घालावयाचे. दोन वर्षे तो दारोदार जेवला आणि वृद्धपणाने मेला. ही कथा आम्ही वर्गात कितीदा तरी सांगितली. योसेमिटीहून आल्यावर ती सांगताना अडखळावयास झाले, कारण वन्य प्राण्याला खाऊ घालू नका हेच तर त्या मुलीने बजावले होते. परंतु नीट पाहता गुब्बिओच्या लोकांनी लांडग्यास उष्टे टाकले नव्हते. त्यांनी शब्द दिला होता, आणि काय द्यावयाचे, किती द्यावयाचे, हे जाणून दिले होते. येऊरचे वारलीही वाघबारशीला वाघोबाचे पूजन करतात, नैवेद्य देतात. ते वर्षातून एकदा, आणि रानाची हद्द लक्षात ठेवून. रात्री मात्र चुलीपाशी हाड राहू देत नाहीत. आम्ही शहरातील शहाणे मात्र न देता वाढीत होतो, आणि वाढलेले कोणी खाल्ले की त्याला चोर म्हणत होतो.

२०२३ च्या जानेवारीत युवकांचे शिबिर पुन्हा येऊरच्या एका वाडीत भरले. आम्ही आता वयाने केवळ सकाळी जाऊन सायंकाळी परतण्याच्या योग्यतेचे. तरी एक अट घातली. डोंबिवलीच्या बाजारातून जाड पत्र्याची, घट्ट झाकणाची मोठी ट्रंक घेतली आणि ती मुलांच्या स्वाधीन केली. स्वयंपाक तंबूंपासून शंभर पावले दूर. जेवणे दिवेलागणीपूर्वी. पाव, मसाला, सुकट, साबण, पेस्ट, डोक्याचे तेल, मुलींचे गजरे, सारे त्या ट्रंकेत, आणि ट्रंक तंबूपासून लांब. साबण-तेलाला बिबट्या भुलत नसला तरी उंदीर आणि माकडे भुलतात, आणि साखळी तेथूनच सुरू होते. भांडी रात्रीच घासावयाची. हाडे पुरावयाची नाहीत, कारण पुरलेले कुत्रे उकरते. ती घट्ट डब्यात भरून ठाण्यास परत आणावयाची. माकडांना केळे नाही, कुत्र्यांना हाड नाही. "एवढंही नाही का सर?" असे एका मुलीने विचारले. बरोबर शेपटी हलवीत उभे असलेले पिल्लू होते. आम्ही नाही म्हटले, आणि ते फार जड गेले.

दुपारी आम्ही पाड्यावर गेलो. ते वृद्ध गृहस्थ केव्हाच वारले होते. त्यांच्या सुनेने ओळखले नाही. नाव-गाव सांगितल्यावर बसावयास चटई टाकली, चहा केला. चहा निवेपर्यंत आम्ही तिला १९९३ ची हकीकत सांगितली. सूचना मिळाली होती, आम्ही ती पाळली नाही आणि तुमच्या मुलाला ओटा सोडावा लागला, हेही सांगितले.

तिने ऐकून घेतले. "तुम्ही एकलेच नाय," ती म्हणाली. "आधीपण येत, आतापण येतात. हाडं टाकून जातात. पोरांना आम्ही तवापासून भायेर निजवतच नाय."

तो पाच वर्षांचा नातू आता ठाण्यास नोकरीला जातो, असे तिने सांगितले. मग आमच्या मुलांनी सावलीत ठेवलेल्या ट्रंकेकडे तिने बोट केले.

"ती कशाला आणली?"

आम्ही समजावून सांगितले. ती उठून ट्रंकेपाशी गेली, झाकण दोनदा उघडून लावून पाहिले आणि म्हणाली, "जाताना हिथंच ठेवा. वाडीत लोक येतील त्यांना मी देईन. सांगेन, यात ठेवा."

शिबिर संपल्यावर मुलांनी ट्रंक रिकामी करून, आतून साबणाने धुऊन, उन्हात वाळवून तिच्या ओट्यावर नेऊन ठेवली.